इसवणीचा बंदोबस्त

यंदाच्या चवथीला अख्ख्या हरमलात कुणाचं काहीही जळो, आपल्या घरातला झिरोचा बल्बसुद्धा फुटणार नाही, असं दत्तप्रसादने श्रावण लागायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं! न्हाव्याकडे सांगितलं, तिंट्यावर भर बाजारात सांगितलं, सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला थांबवून सांगितलं. पोदेर बिचारा 'उंडे किती?' एवढंच विचारत होता. त्याला दत्तप्रसादने विजेचा दाब म्हणजे काय, तो अचानक का उसळतो आणि उसळला की घरातल्या वस्तूंची काय दशा होते, हे सगळं उभ्या उभ्या समजावलं. या भानगडीत ते पावाचे उंडे घ्यायचे राहूनच गेले.

विजेतलं दत्तप्रसादला फार कळत होतं असं नाही. त्याची सगळी नोकरी शिरगावच्या एका खाणीवर कामगारांची हजेरी मांडण्यात गेली होती. पण निवृत्त माणसाला कशातलं तरी कळावंच लागतं, नाहीतर बायको त्याला दळण आणायला पाठवते!

शिवाय त्याला गेल्या वर्षीचा राग होता. गेल्या चवथीला ऐन नैवेद्याच्या वेळी एका माडाची वाळकी झावळी सुटली ती थेट विजेच्या तारांवर पडली. आधी सगळ्या वाड्यात, म्हणजे तिथल्या वस्तीत, असा लख्ख उजेड पडला की लोकांनी भक्तिभावाने हात जोडले. आणि मग फटाफट! टीव्ही गेला, पंप गेला, मिक्सर गेला, चुलतभावाकडच्या मखरातली चमचमणारी माळ तर लवंगी फटाक्यांसारखी तडतडत गेली. उरलेली चवथ मेणबत्त्यांवर काढावी लागली. वाड्यातल्या लोकांनी दोन दिवस हळहळून विषय सोडून दिला, पण दत्तप्रसादला तो अपमान वाटला.

तरी खरं सांगायचं तर यंदाचा सगळा आटापिटा टीव्हीसाठी नव्हता, पंपासाठीही नव्हता. तो होता मासळीसाठी!

झालं होतं असं. दत्तप्रसादची मुलगी तनया मोपाच्या विमानतळावर नोकरीला. तिथेच काम करणाऱ्या वेंगुर्ल्याच्या सिद्धेशशी तिचं जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुलाचे वडील शांताराम म्हणजे मासे खाण्यात पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. मे महिन्यात दत्तप्रसादकडची मंडळी वेंगुर्ल्याला घर बघायला गेली तेव्हा शांतारामांनी असं जेवण घातलं, की पानात भात कुठे आहे ते शोधावं लागत होतं. शेवटची तळलेली तुकडी तोंडात असतानाच दत्तप्रसाद भरल्या गळ्याने म्हणाला, "आता तुमी आमच्याकडे येवा! चवथ झाली की दुसऱ्याच दिवशी येवा! असो मासो घालतंय की वेंगुर्ला विसारतलास!"

दिपालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला पदराआडून जोरात चिमटा काढला. पण शब्द गेला होता आणि शांतारामांनी तो झेललाही होता. "येतलंव! आणि तारीखय थंयच ठरवया!"

आता चवथीचा गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी मासळी म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. होड्या वाळूवर, रापणकार आरतीच्या जागरणाने झोपलेले, आणि महिनाभर शिवराक, म्हणजे मासळीशिवायचं, खाऊन पिसाळलेली माणसं पिशव्या घेऊन बाजारात! मासळीपेक्षा गिऱ्हाइकं जास्त. जी थोडी मासळी असते, तिच्याकडे बघून माणसाने पुन्हा श्रावण धरावा. आणि त्याच दिवशी, त्याच जेवणावर, तनयाच्या लग्नाची तारीख ठरायची होती!

दत्तप्रसादने डोकं चालवलं. श्रावणात कोण मासे घेत नाही. तेव्हाच किनाऱ्यावर जाऊन मोठाल्या इसवणी, म्हणजे तुमच्या भाषेत सुरमई, आणि बोटभर लांब सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्यायची, आणि थंडगार करून ठेवून द्यायची. त्यासाठी त्याने एक आडवा, पेटीसारखा फ्रीजर आणला आणि मागच्या अंगणातल्या खोलीत ठेवला. ही खोली एरवी टुरिस्टांना भाड्याने जायची. पावसात ती रिकामीच असते.

"श्रावणात घरात मासो?" दिपाली कडाडली.

"घरात खंय? खोलयेत आसा."

"खोली खंय आसा? घरात नाय?"

"ती टुरिस्टांची खोली. टुरिस्टांक श्रावण नसता!"

या युक्तिवादापुढे दिपालीने हात टेकले. फक्त एक अट घातली, की गणपती घरात आला की तो पोचवेपर्यंत त्या खोलीचं दार उघडायचं नाही. गणपती यंदा यांच्याच घरी बसणार होता. चुलतभाऊ बाबली कुंपणापलीकडे राहायचा. दोघांच्या घराण्याचा मिळून एकच गणपती, एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. देव घरात असताना मासळीच्या खोलीत ये-जा नको, हे दत्तप्रसादलाही पटलं.

पण मासळी आत, फ्रीजर बंद दाराआड, आणि गेल्या वर्षीसारखी वीज उसळली तर? या विचाराने दत्तप्रसादची झोप उडाली. त्याने तडक म्हापशाला जाऊन विजेचा लोंढा अडवणारा डबा आणला. पांढराशुभ्र, मुठीएवढा, त्यावर एक छोटा हिरवा दिवा. दुकानदाराने सांगितलं, हिरवा दिवा आहे तोवर काळजी नाही. दत्तप्रसादने ते वाक्य मंत्रासारखं पाठ केलं.

डबा बसवायला प्रथमेश आला. वाड्यातली सगळी वायरिंगची कामं तोच करायचा, आणि चवथीच्या आठवड्यात त्याला गाठणं म्हणजे मंत्र्याला गाठण्यापेक्षा कठीण. सगळ्या घराची वीज मागच्या खोलीतूनच आत येत होती, तिथे त्याने डबा लावला, त्याच्याखाली फ्रीजरचं वेगळं बटण बसवलं आणि म्हणाला, "काका, एक सांगतंय. अर्थिंग नसल्यार हो डबो म्हणजे भिंतीवरचो फोटो! लोंढो आडवल्यान तरी जावचो खंय? जमनीत जावक होयो."

"मगे कर मरे अर्थिंग!"

"माका श्वास घेवक टायम नाय, काका! सगळ्या गावाची लायटिंग माझ्या मानेर आसा. खड्डो तुमी खणा. तळाक तांब्याची प्लेट घाला, वायर जोडलेली आसा. तेच्यावर एक थर कोळसो, एक थर मीठ, एक थर कोळसो, एक थर मीठ. आणि जागा सदा वली होयी, हां!"

सदा ओली जागा! दत्तप्रसादने अंगणभर नजर फिरवली आणि त्याची कळी खुलली. तुळशीची! दिपाली रोज सकाळी न चुकता तुळशीला पाणी घालते. अर्थिंगला पाणी घालायला वेगळा माणूस नको! तुळस होती अगदी बाबलीच्या कुंपणाला लागून. तिच्यापासून हातभर अंतर सोडून खणायचं ठरलं. दिवसभर ऊन तापलेलं, म्हणून तो संध्याकाळी उन्हं कलल्यावर कामाला लागला. घामाने सदरा भिजला तसा सदरा काढून ठेवला, कमरेला पंचा गुंडाळला.

आता हेच सगळं कुंपणापलीकडून कसं दिसत होतं, ते बघा.

बाबलीची बायको गंगा न्हाणीघराच्या मागे भांडी घासत होती. तिने मान वर केली तो काय दिसलं? अमावास्येची तिन्हीसांज. उघडाबंब दीर, कमरेला पंचा. तुळशीपाशी खोल खड्डा. त्यात त्याने तांब्याचा पत्रा ठेवला, वर काळे कोळसे ओतले, कोळशांवर पांढरं मीठ. आणि थर चुकू नये म्हणून तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता, "कोळसो... मीठ... कोळसो... मीठ..."

गंगाच्या हातातलं पातेलं खाली पडलं! त्या आवाजाने दत्तप्रसाद दचकला, इकडे तिकडे बघितलं, आणि आपण उघडे आहोत हे ध्यानात येऊन भराभर माती लोटून घरात पळाला. पळाला तो पंचा सावरायला, पण गंगाला वाटलं, पकडला गेला म्हणून पळाला.

"करणी!" ती बाबलीला म्हणाली. "तुझ्या भावान आमच्या कुंपणाक लागान करणी पुरल्यान! मी ह्या डोळ्यांनी बगलंय!"

"दत्तू?" बाबलीला हसू आलं. "तेका धड चुलीत लाकडां घालूक येनत नाय, तो करणी घालतलो?"

पण दुसऱ्या दिवशी गंगाची सोलकढी फाटली. बाबलीच्या स्कूटरला चवथीचा बाजार आणताना पंक्चर झालं. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायला आणलेला नारळ आतून कुजका निघाला. यातलं दरवर्षी निदान एक तरी होतंच, पण यंदा तिन्ही एकदम झाली म्हटल्यावर बाबलीचंही हसू मावळलं. तो दत्तप्रसादशी बोलेनासा झाला. दत्तप्रसाद कुंपणावरून आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्याची चौकशी करत "बाबलीदादा, घुमट ताणलंस काय?" म्हणून विचारायला गेला, तर बाबलीने पाठ फिरवून बादलीशी बोलायला सुरुवात केली.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबली अंगणात येऊन उभा राहिला. मागे गंगा, आणि तिच्या मागे वाड्यातली निम्मी माणसं. "दत्तू," तो म्हणाला, "तुळशीपाशी पुरलंस ता भायर काढ. नायतर गणपती तुझ्या घरात येवचो नाय. आणि माझां घुमटय येवचां नाय!"

"काय पुरलंय?" दत्तप्रसादला खरोखरच आठवेना. मग ध्यानात आलं आणि तो खो खो हसत सुटला. "अरे, ता अर्थिंग!"

"हसतासा कसो बघ!" गंगा लोकांना म्हणाली.

समजावून काही उपयोग नव्हता. जसजसा दत्तप्रसाद विजेचा लोंढा जमिनीत कसा जातो ते सांगे, तसतसे लोक एकेक पाऊल मागे सरकत. लोंढा जमिनीत जातो म्हणजे कुंपणाखालून बाबलीच्या घरात जाणार, असा अर्थ गंगाने तिथल्या तिथे काढला! शेवटी ठरलं, की सगळ्यांसमोर खड्डा उकरायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं. आपल्याकडे कोर्टाचा निकाल लोक मानतीलच असं नाही, पण गाऱ्हाण्यात कोणी खोटं बोलत नाही. वाड्यात गाऱ्हाणं घालायचा मान होता बाबलीचा. म्हणजे फिर्यादी तोच आणि वकीलही तोच!

उकरायच्या आधी दत्तप्रसादने मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. इतका वेळ गुन्हेगारासारखा उभा होता, आता त्याला आपली विद्या दाखवायची संधी मिळाली. "थांबा! कोणी हात लावू नका! वायर लायनीची आसा! आधी बटण बंद!" तो ताठ मानेने मागच्या खोलीत गेला, फ्रीजरचं बटण खट्कन खाली केलं, आणि बाहेर येऊन खोलीला कुलूप लावलं. "हां, आता खणा! हेका सेफ्टी म्हणतत!"

कुणी प्रभावित झालं नाही. खड्डा उकरला. कोळसा निघाला, मीठ निघालं, तांब्याचा पत्रा निघाला. बाया मागच्या मागे सरकल्या. बाबलीने डोक्यावर टोपी घातली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा सातेरी, रवळनाथा, बारा पाचाच्या देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" वाड्याने साथ दिली.

"आज ह्यो तुझो लेकरू दत्तप्रसाद, तेणां जमनीत कोळसो पुरल्यान, मीठ पुरल्यान, तांबां पुरल्यान! ता कोणाच्या वाइटाक पुरल्यान असात, तर तेचां तेका पावंदे!"

"व्हय महाराजा!"

"आणि बऱ्याक पुरल्यान असात, तर तेणां हयसर सगळ्यांसमोर सांगूचा, कित्याक पुरल्यान!"

"व्हय महाराजा!"

सगळ्या माना दत्तप्रसादकडे वळल्या. "फ्रीजर जळू नये म्हणान," तो म्हणाला.

"फ्रीजरात असां काय आसा?" बाबलीने गाऱ्हाण्याच्याच सुरात विचारलं.

दिपालीने पदर तोंडाला लावला. समोर तुळस, वर देव, पुढ्यात अख्खा वाडा. खोटं बोलायची सोय नव्हती. "इसवण," तो पुटपुटला. "आणि थोडी सुंगटां."

माडावरचा कावळासुद्धा मान वाकडी करून खाली बघायला लागला.

"श्रावणात?" गंगाने विचारलं.

"खाल्लंय नाय!" दत्तप्रसाद ओरडला. "देवाशपथ खाल्लंय नाय! नुसतां ठेवलंय! तनयाच्या सासरची माणसां येतली, तेंका घालूक ठेवलंय!"

त्याला वाटलं, आता सगळे तुटून पडणार. पण झाली वेगळीच गंमत. सगळे एकदम खाली मातीकडे बघायला लागले. बाबलीने घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घाईघाईने आटोपतं घेतलं. दत्तप्रसादला त्या सगळ्यांच्या मनाच्या मोठेपणाने भरून आलं. प्रथमेशला फोन करून पुन्हा थर विचारले, सगळ्यांनी मिळून खड्डा भरला, बाबलीने स्वतः शेवटची माती लोटली. गूळखोबरं वाटलं गेलं. गणपती आला, घुमट वाजलं, आणि भावाभावांचा अबोला आरतीच्या गजरात कुठल्या कुठे गेला!

पाच दिवस दत्तप्रसाद तरंगत होता. रोज सकाळी तो मागच्या खोलीच्या खिडकीला नाक लावायचा, भिंतीवरच्या डब्याचा हिरवा दिवा बघायचा आणि समाधानाने परत यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही खिडकीपाशी नेऊन दाखवायचा. "बगलंस? हिरवो! म्हणजे सगळां बरां!" फ्रीजरचं बटण खाली होतं, ते खिडकीतून दिसत नव्हतं. आणि डब्याचा दिवा डब्यापुरता असतो, त्याला खालच्या मासळीचं काही पडलेलं नसतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गणपती पोचवून मंडळी समुद्रावरून ओल्या पायांनी परत आली. बघतात तर मागच्या अंगणात मांजरं! वाड्यातली, वाड्याबाहेरची, टुरिस्ट सोडून गेलेली. सगळी मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, शेपट्या अंगाभोवती घेऊन, पुराणाला बसल्यासारखी शांत बसलेली.

गंगाने बाबलीचा हात घट्ट धरला. "मी सांगलेलंय..."

"गप," बाबली म्हणाला. त्याने नाकाने हवा ओढली आणि त्याचा चेहरा बदलला. "दत्तू, ही करणी नाय रे. हो वास!"

दत्तप्रसादने कुलूप काढलं. हिरवा दिवा झकास जळत होता. फ्रीजरचं झाकण उघडलं. आणि मग जे झालं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी नको. एवढंच सांगतो, की दिपाली बाहेर पळाली, तनया बाहेर पळाली, आणि मांजरंसुद्धा चार पावलं मागे सरली!

"बटण!" दत्तप्रसाद भिंतीला टेकून म्हणाला. "बटण मीच बंद केलेलंय."

त्या संध्याकाळी बाबलीने आणि त्याने मिळून ती सगळी दौलत मागच्या माडांच्या मुळाशी पुरली. दत्तप्रसादला रडू येत होतं, आणि ते वासाने येतंय असं तो सांगत होता. उद्या शांताराम येणार. माणसं आठ. घरात भाज्यांचं खतखतं आणि उरलेल्या गोड नेवऱ्या. तनया पायरीवर बसून मोबाईल हातात धरून होती, सिद्धेशला काय कळवायचं ते तिला सुचत नव्हतं. ते बघून दत्तप्रसादला इसवण गेल्यापेक्षाही जास्त दुःख झालं. सगळ्या गावाला बंदोबस्त शिकवत फिरलो, आणि आपल्याच लेकीच्या पानात आपल्याच हाताने माती कालवली, असं त्याला झालं.

सकाळी दार वाजलं. गंगा उभी होती. हातात पातेलं, त्यावर केळीचं पान झाकलेलं. तिने आधी मागे वळून बघितलं, मग हळूच पान सरकवलं. आत इसवणीच्या तळहाताएवढ्या तुकड्या! चकचकीत!

"वैनी, ह्यां खंयसून?" दिपालीचा विश्वास बसेना.

"आमच्या फ्रीजात आसा थोडां," गंगा जमिनीकडे बघत म्हणाली. "खाल्लव नाय हां! नुसतां ठेवलव!"

तिची पाठ फिरते न फिरते तोच पलीकडच्या घरातून बांगडे आले. मग कुणी सुंगटं घेऊन आलं, कुणी तिसऱ्यांचे शिंपले. प्रत्येक भांड्यावर केळीचं पान आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "खाल्लव नाय!" गाऱ्हाण्याच्या वेळी अख्खा वाडा मातीकडे का बघत होता, याचा दत्तप्रसादला आत्ता उलगडा झाला. त्याला हसावं की वाड्याच्या पाया पडावं कळेना, म्हणून तो नारळ खवायला बसला.

गंगा आणि दिपालीने मिळून रांधलं. शांताराम आले, जेवले, आणि असे जेवले की मधे बोललेच नाहीत. हात धुवून ते बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, आरामात टेकले आणि म्हणाले, "व्याही, मी आता काय बोलू? चवथीच्या दुसऱ्या दिवशी असां जेवाण! तुमच्या चेडवाक आमी आमचीच लेक समजलव. बाबलीनू, पंचांग काढा!" तनया आत पळाली. दिपालीने डोळे टिपले. बाबलीने पंचांग काढलं, मार्गशीर्षातली तारीख निघाली, ठरली.

आणि तेवढ्यात आभाळ कडाडलं! अशी वीज पडली की बलकांवातल्या बाकांना हादरा बसला. पंखे एकदा गरगरले, दिवे दुपारच्या उजेडातही डोळे दिपवून गेले, आणि मग कुंपणापलीकडून, त्याच्या पलीकडून, वाड्याच्या दोन्ही टोकांकडून एकामागून एक आवाज यायला लागले. फट्! ठप्प! फट्! बाबलीच्या स्वयंपाकघरातून धुराची रेघ निघाली. गंगा किंचाळून धावली, तिच्यामागे बाबली.

दत्तप्रसाद आत धावला. टीव्ही चालू. पंखा चालू. पंप ठीक. मागच्या खोलीतला फ्रीजर, धुऊन पुसून रिकामा, ऐटीत घुरघुरत होता. अख्ख्या वाड्यात फक्त त्याच्या घरातलं काहीही जळलं नव्हतं! ज्या क्षणासाठी त्याने न्हाव्यापासून पोदेरापर्यंत सगळ्यांचे कान खाल्ले होते, तो क्षण हा. समोर व्याही बसलेले. तो छाती फुगवून बलकांवात आला, तोंड उघडलं...

आणि समोर बाबली दिसला. हातात जळका प्लग घेऊन अंगणात उभा. याच माणसाच्या फ्रीजमधली इसवण दत्तप्रसादच्या पोटात अजून पुरती जिरली नव्हती.

दत्तप्रसादने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर ठरला होता आणि ते कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती! एवढी शिक्षा त्याला त्या सडक्या मासळीनेही दिली नव्हती.

"बाबलीदादा," तो शेवटी म्हणाला, "उरलेली मासळी घेवन ये. माझो फ्रीजर चालू आसा."

मग पुन्हा सकाळचीच मिरवणूक निघाली. तीच पातेली, तीच केळीची पानं, फक्त यावेळी कोणी लपवत नव्हतं. दत्तप्रसाद उत्साहाने पुढे झाला. "येवा, येवा! मी लावून घेतंय! खाली इसवण, वर सुंगटां, आणि थांबा, आधी एकदा बटण बगतंय..."

दिपाली खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"तुमी भायर बसा," ती म्हणाली. "ह्या फ्रीजराक विजेपासून कायएक धोको नाय. जो काय धोको आसा, तो तुमच्यापासून आसा!"

दत्तप्रसाद निमूटपणे बाहेर आला, शांतारामांशेजारी बसला आणि त्यांना वेंगुर्ल्यातला पाऊस कसा काय आहे ते विचारायला लागला.